अज्ञान बालिकेचं आभारप्रदर्शन

आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक खुर्च्या सरकवायला लागतात, हे मला कुणी सांगायला नको. पाणीपुरवठा खात्यात मी तक्रार खिडकीवर होते, आणि कुणाचा निरोपसमारंभ असो की नव्या पंपाचं उद्घाटन, आभार मानायचं काम कायम माझ्या गळ्यात. साहेब म्हणायचे, बाईंचा आवाज खणखणीत आहे. खरं कारण असं की दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी गोड बोलू शकेल असं माणूस खात्यात दुसरं नव्हतं. मी पाहुण्यांचे आभार मानले, माइकवाल्याचे मानले, एकदा तर न आलेल्या पाहुण्यांचेही मानले, कारण ते आले नाहीत म्हणून कार्यक्रम वेळेत संपला होता. पण अगदी पोटातून आभार मानावेत अशी वेळ निवृत्तीनंतर आली, आणि तीसुद्धा एका व्हिडिओ गेमपायी.

हसा. सगळे हसले, तुम्हीही हसून घ्या म्हणजे पुढे जाता येईल.

आमच्या चिरंजीवांनी शाळेत असल्यापासून एक खेळ लावून धरला होता. त्याचं इंग्रजी नाव आगगाडीसारखं लांब आहे. घरात आम्ही त्याला 'नावाडीण' म्हणतो. एक बाई एकटी होडी घेऊन बेटाबेटांवर फिरते. प्रत्येक बेटावरचा दीपस्तंभ विझलेला असतो. ही तिथे उतरते, काय बिघडलंय ते बघते, भांडलेल्या माणसांना बोलतं करते, हरवलेली किल्ली शोधते, दिवा लावते आणि पुढे जाते. मारामारी म्हणाल तर दोन-चार खेकडे सोडले तर कुणाला इजा नाही. असे त्याचे सात भाग आहेत, म्हणजे एवढ्यात आठवा काढला नसेल तर.

हा खेळ मी वर्षानुवर्षं उभ्याने पाहिला. चिरंजीव कोचावर, मी कोचामागे, हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग. घड्या घालता घालता एका बेटाची सुरुवात बघायची, मग कुकरची शिट्टी, परत येईस्तोवर ती बाई तिसऱ्याच बेटावर. कुठल्याही बेटाचं मधलं मला ठाऊक नाही. तरी तो अडला की मी मागून सांगायची, "अरे, त्या म्हाताऱ्याला परत विचार, तो काहीतरी लपवतोय." आणि म्हातारा खरंच लपवत असायचा. तक्रार खिडकीवर बसलेल्या बाईला तेवढं कळतं. तेव्हापासून मनात होतं, की एकदा हे सगळे भाग आपण स्वतः खेळायचे, बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा म्हणजे त्याची शाळा संपली की. मग सासूबाईंचं दुखणं निवळलं की. मग ह्यांची धावपळ कमी झाली की, माझी निवृत्ती झाली की, बाथरूमची फरशी बसली की. फरशी बसून सुद्धा आता डाग पडले.

मला सगळ्यात मोठं कोडं होतं ते असं, की ही बाई घरातून निघालीच का? ते म्हणे पहिल्या भागात आहे. आणि पहिला भाग आमच्या घरात कधी आलाच नाही. चिरंजीवांनी मित्राकडून तिसरा भाग आणून सुरुवात केली आणि पुढचे येतील तसे खेळत गेले. मागे वळून बघायचं काम त्या वयात कोण करतं? नेटवर शोध की, सापडेल, असं तो मला म्हणाला होता. पण कोड्याचं उत्तर शेजाऱ्याला विचारायचं तर कोडं घालायचं तरी कशाला? माझी आपली मनाशी खात्री होती, की काहीतरी भयंकर घडलं असणार. बाईमाणूस उगाच घर सोडून होडीत बसत नाही.

चिरंजीव नोकरीला दुसऱ्या गावी गेले. जाताना त्यांनी खेळाचं नवं यंत्र घेतलं आणि जुनं पुसून, स्वतःचं खातं काढून नेऊन, माझ्या हवाली केलं. मी त्यावर एक क्रोशाचा रुमाल टाकला आणि वर फुलदाणी ठेवली. म्हणजे 'एकदा' ची सोय झाली.

मग एके दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, तुझा तो पहिला भाग कंपनी ऑनलाइन दुकानातून काढून टाकतेय. महिनाअखेरपर्यंत घेतलास तर तुझा. नंतर जगात कुणालाच मिळणार नाही."

महिना संपायला आठवडाही उरला नव्हता. आयुष्यभर ज्याला मी थांबवून ठेवलं ते आता मला न विचारता निघून चाललं होतं. मी फुलदाणी उचलली.

आता ही गोष्ट घरात ठेवायची होती. पण आमच्या इमारतीत एका घरात उचकी लागली तर दुसऱ्या घरात पाणी पितात. समोरच्या ताईंना पहिल्यांदा कळलं, कारण त्यांचं दार नेहमी वीतभर उघडं असतं. त्यांना वाटलं मुलगा गेल्यापासून मी खचले आहे. त्यांनी मला विणकामाचा वर्ग सुचवला, पहाटेचं चालणं सुचवलं, आणि हळूच हेही विचारलं, की ह्यांचं आणि माझं ठीक आहे ना. मी म्हटलं सगळं ठीक आहे, मला फक्त नावाडीण घरातून का निघाली ते बघायचंय. त्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की नवऱ्याशी पटत नसणार तिचं. बोलताना त्या नावाडणीविषयी बोलत आहेत असं मला मुळीच वाटलं नाही.

दुसरे तळमजल्यावरचे इन्स्पेक्टरसाहेब. पोलीस नव्हेत, बॉयलर इन्स्पेक्टर. निवृत्त झाले तरी कुठलीही वस्तू दिसली की ते तिला आधी बोटाने टकटक करून बघतात. यंत्र भिंतीला जोडायच्या आत ते आमच्याकडे हजर. म्हणाले, "वहिनी, अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका." मी लावला नाही, त्यांनी लावला. तपासणीसाठी त्यांनी जिन्यातल्या पेटीतलं काहीतरी काढून त्या जागी काहीतरी घातलं, एक निळी ठिणगी उडाली आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आणि लिफ्टमध्ये समोरच्या ताई होत्या, माझ्यासाठी आणलेल्या लोकरीच्या पिशवीसकट. त्यांना बाहेर काढायला माणूस येईपर्यंत मी बिचारी फटीपाशी जिन्यात बसून होते. बिचारी मी, त्या नव्हेत. कारण त्या फटीतून मला उलट-सुलट टाके समजावून सांगत होत्या आणि मला उठून जायची सोय नव्हती. इन्स्पेक्टरसाहेबांनी वीज आली तेव्हा जाहीर केलं की अर्थिंग उत्तम आहे.

हे झालं नमनाला घडाभर तेल. खरी कथा इथून पुढे.

यंत्र सुरू केलं की ते आधी तुमचं खातं उघडायला सांगतं. नाव घातलं. मग जन्मसाल. त्यासाठी पडद्यावर एक चाक असतं, चालू वर्षापासून मागे मागे फिरवायचं. तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या वयाच्या माणसाला हे चाक फिरवायला देणं हा गुन्हा आहे. प्रत्येक वर्ष डोळ्यांसमोरून जाताना काहीतरी सांगून जातं. हे माझ्या निवृत्तीचं. हे ह्यांच्या गुडघ्याचं. ह्या वर्षी मुख्य जलवाहिनी फुटली होती आणि खिडकीवर एका गृहस्थाने कोरडी बादली माझ्या टेबलावर आपटली होती, ती पुढे कित्येक दिवस आम्ही कचऱ्यासाठी वापरली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला.

आता माझी सवय ऐका. खात्यात अर्धा भरलेला अर्ज आम्ही ट्रेमध्ये सारून ठेवत असू आणि नंतर पुरा करत असू. तशी ती नऊ वर्षांपूर्वीच्या सालावर आलेली गाडी तिथेच ठेवून मी 'ठीक' दाबलं, म्हणजे माझ्या हिशेबी अर्ज ट्रेमध्ये सारला, आणि दुधाकडे धावले.

परत आले तर पडद्यावर गुलाबी रंग पसरला होता आणि एक अस्वल मला टाटा करत होतं. खाली लिहिलं होतं, की छोट्या दोस्ता, तुझं स्वागत आहे, आता आई किंवा बाबांना बोलाव.

वय वर्षे नऊ. एकदा भरलेलं साल बदलता येत नाही, असंही अस्वलाने सांगितलं. अस्वलाशी वाद काय घालणार?

संध्याकाळी हे विमा कंपनीतून आले. ह्यांना सगळं सांगितलं तर ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मग मात्र शहाण्यासारखे बसले, आपल्या फोनवरून सगळी माहिती भरली आणि माझे पालक झाले. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कुणाला? दुसऱ्या दिवशी मी फुकटातला नमुन्याचा खेळ खेळून हात बसवायला घेतला, तर तासाभरात अस्वल आलं. आजचा वेळ संपला, म्हणे. आणखी हवा तर पालकांना विचारते. विचार बाई, म्हटलं.

तिकडे विमा कंपनीत मोठ्या साहेबांची बैठक चालली होती. ह्यांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून चिरंजीवांनी ह्यांचा फोन बोलता करून दिला आहे. भर बैठकीत तो फोन बोलला, की आपल्या पाल्याला आणखी पंधरा मिनिटं खेळायची इच्छा आहे. मोठ्या साहेबांनी विचारलं, पाल्य केवढं? ह्यांना खोटं बोलता येत नाही. ह्यांच्या तोंडून निघून गेलं, नऊ.

ह्यांनी परवानगी दिली ती दिली, वर मला विचारलं की अभ्यास झाला का. पण चूक एवढ्यावर थांबली नाही. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला नऊ वर्षांचं मूल, ही बातमी विमा कंपनीत जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पोचली. लोकांनी आपल्या मनाने तिला पूर्ण केलं, की ह्या वयात एका पोरक्या मुलीला घर दिलं, आणि कुठे वाच्यता नाही, केवढं मन. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या सहकाऱ्यांनी एक जांभळं दप्तर आणि एक पाण्याची बाटली भेट पाठवली. हे ती घेऊन घरी आले तेव्हा ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. खुलासा केला म्हणावं, तर दोन बायका डोळे पुसत होत्या, तिथे कसा करणार? त्या सहकाऱ्यांचे मी इथे आभार मानते. माणसं न बघितलेल्या पोरीसाठी वर्गणी काढतात, हे काही लहान नाही. दप्तर मी भाजीला वापरते, भक्कम आहे.

एवढं सगळं सोसून मी दुकानातून पहिला भाग घ्यायला गेले, तर अस्वल आडवं. ह्या खेळात वादळाची भीतिदायक दृश्यं आहेत, तो मोठ्या मुलांसाठी आहे. पालकांची परवानगी असली तरी चालणार नाही. मी प्रत्यक्ष आयुष्यात मुख्य जलवाहिनी फुटलेली पाहिली आहे, आणि मला वादळाचं चित्र दाखवायला हे घाबरत होते.

चिरंजीव फोनवर म्हणाले, दुसरं खातं उघड. उघडायला गेले तर यंत्र म्हणालं, ह्या घरात लहान मूल आहे, नवीन खात्याला पालकांची मान्यता लागेल, आणि आधी लहान मुलाची माहिती पडताळून घेऊ. त्यासाठी एक ओळखपत्र पाठवा. मी निवृत्तिवेतनाचं ओळखपत्र पाठवलं. त्यावर माझा फोटो आहे, आणि फोटो काढला त्या दिवशी माझी दाढ दुखत होती, त्यामुळे चेहरा जरा उग्र आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुपारी ह्यांचा फोन पुन्हा बोलला, आणि ह्या वेळी विमा कंपनीतल्या लिफ्टमध्ये. सावधान, म्हणाला, एक अनोळखी प्रौढ स्त्री आपल्या पाल्याच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहे. पाल्याच्या सुरक्षेसाठी सर्व खाती बंद करण्यात आली आहेत. सोबत त्या स्त्रीचा फोटो जोडला होता. लिफ्टमधल्या दोघांनी तो बघितला आणि म्हणाले, चेहऱ्यावरूनच कळतं हो. ती मीच आहे हे सांगायला ह्यांना धीर झाला नाही, आणि त्याबद्दल मी ह्यांना माफ केलं आहे.

संध्याकाळी मात्र मी खरंच रडायच्या बेताला आले. तुम्हाला वाटेल एका खेळापायी काय एवढं? पण खेळाचं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी महिना संपत होता. मी आयुष्यभर 'आधी त्यांचं होऊ दे' म्हणत आले, ते आनंदाने म्हटलं, कुणी जबरदस्ती केली नाही. पण स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट बाजूला ठेवली होती, आणि ती घ्यायला हात पुढे केला तर मला सांगितलं जात होतं की बाई, तुम्ही ह्या मुलीच्या घरात घुसखोर आहात. हे माझ्याजवळ बसून राहिले. त्यांनी काही उपदेश केला नाही. उद्या रजा टाकतो, म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळपासून आम्ही कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. समोरच्या ताई लोकर घेऊन बसल्या होत्या. इन्स्पेक्टरसाहेब फ्यूजच्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसले होते, कुणालाही तिला हात लावू द्यायचा नाही म्हणून. त्यांना स्वतःला सोडून इतर कुणी आजवर लावलाही नव्हता. फोनवर आधी भाषा निवडा, मग कारण निवडा, मग संगीत ऐका. मला राग आला नाही. उलट एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघावं तसं मी ते ऐकत होते. आम्ही खिडकीवर फक्त 'उद्या या' म्हणायचो. हे लोक कुठेही जाऊ न देता उद्या आणत होते.

अखेर बालसुरक्षा कक्षातल्या एका मुलीचा आवाज आला. दमलेला आवाज. सकाळपासून शिव्या खाल्लेला आवाज मी भिंतीपलीकडूनही ओळखते. मी आधी तिला विचारलं, पाणी प्यायलीस का? ती म्हणाली, नाही हो, अजून नाही. मी म्हटलं पिऊन घे, मी थांबते. तिने खरंच घोट घेतल्याचा आवाज आला. मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, चाक, दूध, अस्वल, दप्तर. मधेच ती हसली असावी, पण ते तिने खोकल्यात घातलं.

म्हणाली, तिचा विश्वास आहे, पण कक्षाच्या नियमाप्रमाणे ती माझ्याशी बोलू शकत नाही. तिला खातेदार बालिकेशीच बोलावं लागेल, छापील प्रश्न विचारावे लागतील आणि ते ध्वनिमुद्रित होतील. मी म्हटलं, विचार, बालिका फोनवरच आहे.

तिने घसा साफ केला आणि वाचायला लागली. "बाळा, तुझ्याजवळ आत्ता कुणी मोठं माणूस आहे का?"

मी आजूबाजूला बघितलं. हे, समोरच्या ताई, दारातून डोकावणारे इन्स्पेक्टरसाहेब. म्हटलं, हो, तीन आहेत.

"तुला त्यांची भीती वाटते का?"

एकाची वाटते, म्हटलं, तो विजेच्या पेटीपाशी बसलाय. तिने पुन्हा खोकला काढला. मग पुढचा प्रश्न आला.

"बाळा, खरं सांग हं. हा खेळ तुला स्वतःला खेळायचा आहे, की दुसऱ्या कुणासाठी?"

छापील प्रश्न होता. नऊ वर्षांच्या पोरांना विचारायचा. पण मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, ना खेळाबद्दल, ना कशाबद्दल. विचारायची गरज आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, मलासुद्धा. माझा खणखणीत आवाज एकाएकी बसला.

"मला स्वतःला," मी म्हटलं.

ती मुलगी हळू आवाजात, छापील कागद बाजूला ठेवून म्हणाली की पूर्ण पडताळणीला पंधरवडा लागतो आणि आपल्याकडे आजचाच दिवस आहे. पण एक वाट आहे. पालकांनी स्वतः सांगितलं, की आमची पाल्य सज्ञान झाली आहे आणि पालकत्व आम्ही सोडतो, तर ती बंद खाती आत्ता उघडू शकते आणि खात्याचं वय दुरुस्त करू शकते. फक्त ते ध्वनिमुद्रित व्हायला हवं, स्पष्ट आवाजात.

हे उठून उभे राहिले. फोनवर बोलायला उभं राहावं लागत नाही, पण राहिले. सदरा नीट केला. मला वाटलं आता काहीतरी विनोद करणार, इतके दिवस हातात सापडले होते मी. पण ते फोनजवळ वाकून, कंपनीत मोठ्या साहेबांसमोर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "मी पालक बोलतोय. ती सज्ञान आहे. तशी ती पहिल्यापासूनच होती, नोंद चुकीची होती. तिला काय हवं ते ती ठरवते. त्यासाठी माझ्या परवानगीची गरज नाही."

समोरच्या ताईंच्या हातून लोकरीचा गुंडा सुटला आणि कोचाखाली गेला. त्या म्हणाल्या की असं आमच्याकडे कुणी मुद्रित करून दिलं तर मी रोज सकाळी लावून ऐकेन. मी ह्यांच्याकडे बघितलं. संसारात ह्यांनी मला पुष्कळ दिलं, पण ह्या तीन-चार वाक्यांचे आभार मानायला मला शब्द नाहीत, आणि आभार मानणं हा तर माझा धंदा.

पडद्यावरचा गुलाबी रंग गेला. अस्वल गेलं. खरं सांगते, जाताना ते हात हलवत होतं तेव्हा थोडं वाईट वाटलं. त्या मुलीचं नाव विचारलं तर तिने सांगितलं नाही, नियम नाही म्हणे. म्हणून इथे तिचे आभार बिननावाचे. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "ती बाई का निघाली ते मला पण कळवाल का? मी सहावा भाग खेळलेय फक्त." मी म्हटलं नक्की.

पहिला भाग यंत्रात उतरायला दुपार गेली. इन्स्पेक्टरसाहेब पेटीपासून हलले नाहीत. त्यांना चहा तिथेच दिला. चिरंजीव दर थोड्या वेळाने फोन करून विचारत होते, किती झालं? शेवटी त्याला फोन चालूच ठेव म्हटलं. ऊन कलायच्या सुमाराला खेळ उघडला.

मी कोचावर बसले. मधोमध. बाकीचे मागे उभे राहिले.

पडद्यावर समुद्रकाठचं एक लहानसं घर आलं. धाब्यावर कपडे वाळत होते. दार उघडं होतं, आणि दारात ती, नावाडीण, पाठमोरी. खाली बांधलेली होडी. घर पडलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं, कुणी मेलेलं दिसत नव्हतं. चुलीवर काहीतरी शिजत होतं, त्याचा धूर वर जात होता. मी पुढे सरकून बघत होते, आता कळणार म्हणून. मग पडद्यावर एक ओळ उमटली: तू का निघालीस?

आणि त्याखाली रिकामी जागा. लुकलुकणारी एक उभी रेघ. उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं. ते आम्हीच लिहायचं होतं.

मागून एकदमच सल्ले सुरू झाले. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, 'कामानिमित्त' लिहा, म्हणजे कुणी उलट विचारत नाही. ताई म्हणाल्या, 'त्रासाला कंटाळून', बघा, मी म्हटलंच होतं. फोनमधून चिरंजीव म्हणाले, बापाचा सूड असेल बहुतेक, सगळ्यांचा तोच असतो. मी ह्यांच्याकडे वळून बघितलं तर त्यांनी फक्त मान हलवली, लिही म्हणून.

रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. मी नोकरीभर तो भरला. सासूबाईंचं आजारपण. मुलाची परीक्षा. घरगुती अडचण. पाहुणे. सगळी कारणं खरी होती आणि मला त्यांचं ओझं कधी वाटलं नाही. पण त्यातलं एकही माझं नव्हतं. आणि म्हणून मला वाटत राहिलं की ही बाई निघाली ती काहीतरी भयंकर घडल्याशिवाय निघालीच नसेल.

मी एकेक अक्षर शोधून शोधून लिहिलं. इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, पण शब्द आपलाच. मी लिहिलं: हौस.

पडद्यावरची बाई वळली. तिने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं, दार नुसतं लोटून घेतलं आणि होडी सोडली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे सुरुवातीला माझी होडी दोनदा खडकाला लागली, आणि मागून कुणीही काही बोललं नाही, ह्याबद्दल मी त्या सगळ्यांची ऋणी आहे.

पहिल्या बंदराच्या तोंडावर एक पहारेकरी उभा होता. वाटेत आडवी काठी, काखेत जाडजूड वही. त्याने होडी थांबवली आणि विचारलं, कुठून आलात, कारण काय. नावाडणीने माझा शब्द जसाच्या तसा त्याला सांगितला. मी वाट बघत राहिले. आता हा पुरावा मागणार, कुणाची सही आणा म्हणणार, उद्या या म्हणणार. मला त्या बाजूची सगळी उत्तरं पाठ आहेत.

त्याने वही उघडली सुद्धा नाही. काठी उचलली आणि म्हणाला, "या, बाई. वारा चांगला आहे."

मी निघाले.